केदारकुंडाची सपाट मोहीम

खानदेशी माणसाला चालायला लावायचे तर वाटेत देव तरी हवा, नाहीतर जेवण तरी. चाळीसगावपासून अठराएक किलोमीटरवरच्या पाटणादेवीला दोन्हींची सोय आहे. चंडिकादेवी तिथलीच, जेवण तेवढे घरून न्यायचे. देवळाच्या मागे सातमाळ्याचे कडे उभे आहेत आणि त्यांतून उतरणाऱ्या डोंगरी नदीच्या काठाकाठाने केदारकुंडाच्या धबधब्याकडे वाट जाते. सगळा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातला. 1986 साली जाहीर झालेले हे सुमारे 260 चौरस किलोमीटरचे जंगल जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांनी वाटून घेतले आहे. बिबट्या, अस्वल यांचे वास्तव्य कागदावर आहे. आमच्या घोळक्याचा आवाज ऐकल्यावर ते कागदावरच राहिले.

घोळका दोन तुकड्यांचा होता. आम्ही धुळ्याचे, ताई-दाजी जळगावचे. 1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. त्याची खरी झळ आमच्या घराला ताईच्या लग्नानंतर लागली. तेव्हापासून शेवभाजी कोणाची अस्सल, हा प्रश्न प्रलंबित आहे. त्यामुळे भाद्रपदातल्या त्या सकाळी दोन्ही पक्ष आपापला पुरावा स्टीलच्या डब्यात घेऊन हजर झाले.

दाजी मात्र मोहिमेच्या तयारीने आले होते. गुडघ्यापर्यंत मोजे, हातात काठी, गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर दोर.

“दाजी, दोर कशाला?”

“डोंगर आहे. काय लागेल सांगता येत नाही.”

वाट इतकी सपाट, की दाजींनी बांधावर उभे राहून केलेली पाहणीच दिवसातली सर्वांत मोठी चढाई ठरली. आत्या साध्या चपलांवर त्यांच्या पुढे होती आणि मागे वळून विचारत होती, “थकलात का जावईबापू?”

समोरून शेळ्या हाकत एक गुराखी आला. दाजींनी दुर्बीण खाली घेऊन गंभीरपणे विचारले, “केदारकुंड अजून किती?”

“आठेच शे ना भाऊ.”

अर्ध्या तासाने दुसरा भेटला. त्याच्याही मते ‘आठेच’, म्हणजे इथेच, होते. खानदेशात कोणतेही ठिकाण याहून लांब नसते. ऐकणाऱ्याचे पाय दुखले तर तो त्याच्या पायांचा दोष.

पाटणादेवीच्या पाटण गावात अंतराचा हिशेब इतका सैल असावा, हे विशेष. कारण गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी याच गावात मठ काढला होता. तसा शिलालेखच इथे आहे आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त माकडांचे एक गणित आहे. शंभर हात उंच झाडावर दोन माकडे, दोनशे हातांवर पाणी. एक झाडावरून उतरून सरळ चालत जाते. दुसरे आधी वर उसळते आणि मग तिरपी उडी घेते. दोघांनी कापलेले अंतर सारखेच, तर दुसरे किती उसळले? उत्तर पन्नास हात. आमच्या दहावीच्या चिरंजीवाला हे गणित वाटेत समजावून सांगितले. त्याने मोबाइलला रेंज आहे का, एवढेच विचारले.

प्रात्यक्षिक मात्र लगेच झाले. नदीकाठच्या खडकावर सतरंजी पसरली आणि समोरच्या झाडावरचे माकड तिरपे आले. चिरंजीव सरळ रेषेत धावला. अंतराचे मला ठाऊक नाही, पण पुऱ्या माकडाला मिळाल्या. पाठोपाठ आरडाओरडीत धुळ्याच्या डब्याचे झाकण निसटले आणि तिखट रस्सा खडकावरून नदीकडे निघाला. तेव्हा दाजी पुढे सरसावले. दोर सोडला, उरलेल्या रश्शासकट डबा चारी बाजूंनी आवळला आणि म्हणाले, “म्हटलं नव्हतं?”

पुऱ्या गेल्या म्हणून कळण्याच्या भाकरी निघाल्या. रस्सा अपुरा म्हणून दोन्ही डबे एकत्र झाले आणि शेवभाजीचा खटला पुरावाच नष्ट झाल्याने निकालात निघाला. आत्याने बोटे चाटत सांगितले, “दोन्हींत मीठ कमी होतं.”

त्यानंतर खरोखरच आठेच असलेल्या केदारकुंडात सगळ्यांनी पाय सोडले. काळ्या कातळावरून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात दाजींचे व्याख्यान ऐकू येत नव्हते, हा त्या धबधब्याचा फारसा कोणी न लिहिलेला गुण.

ज्यांना दमायचेच आहे त्यांनी कड्यावरची पितळखोऱ्याची लेणी गाठावीत. दोन हजार वर्षांपूर्वीची ती बौद्ध लेणी बघण्यासारखी आहेत, आणि तिथला चढ दोराचा मान राखणारा आहे. बाकीच्यांनी केदारकुंडाच्या वाटेला लागावे, पण पाऊस सरता सरता. धबधबा पावसावर जगतो आणि खानदेशचा उन्हाळा कोणालाच जगू देत नाही. पाणी चढलेले असेल तर नदीत उतरू नका, प्लास्टिक जंगलात टाकू नका आणि डबा घट्ट झाकणाचा घ्या. दाजी असतील तर त्यांनाही घ्या.