कॉम्प्युटरले कसं समजलं वं?

"चुगली कोनं केली, येवढंच सांग मले."

काकूंनी वालाच्या वेलातून तोंड काढलं. दिवाळीची साफसफाई सुरू होती, त्यांचे सगळे डबे अंगणात उन्हाला पालथे घातलेले. माझ्याकडे २० तारखेच्या आत भरायच्या रिटर्नांचा ढीग पडलेला. पण नाचणगावात कुंपणावरून हाक आली की रिटर्न थांबतात.

काकूंच्या पुतण्याचं पुलगावला सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. त्याला जीएसटीची नोटीस आली ही बातमी वार्डात कालच फिरली होती, नोटिशीतला आकडा घरागणिक वाढवत.

"समोरचा तो दुसरा दुकानवाला हाये नं, त्यानंच सांगतलं असन. पोळ्यापासून त्याचं तोंड फुगेल हाये."

"काकू, कोणीच नाही सांगितलं. कॉम्प्युटरनं काढलं."

"कॉम्प्युटरले कसं समजलं वं? त्याले का डोये हायेत?"

"डोळे कशाला पाहिजेत? तुम्हाला कसं समजते? सून म्हणते बाळंतपणाला माहेरी चालली, सासू म्हणते बहिणीच्या लग्नाला गेली. तुम्ही दोघींचंही ऐकून घेता, आणि चहा संपायच्या आत तुम्हाला माहीत असते की घरात भांडण झालं. जीएसटीचा कॉम्प्युटर तेवढंच करतो. विकणाऱ्याचं ऐकतो, घेणाऱ्याचं ऐकतो, आणि कुठं जुळत नाही ते काढतो."

काकूंना हे पटलं. खरं म्हणजे अभिमान वाटला असावा, कारण डबे सोडून त्या तारेजवळ स्टूल घेऊनच आल्या.

पुतण्यानं मला व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो पाठवला होता, तो दाखवला. गेल्या डिसेंबरचं बिल, नागपूरच्या एका पार्टीचं. सिमेंट २ लाखांचं. यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, २२ सप्टेंबरला सिमेंटवरचा कर १८ टक्क्यांवर आला, पण तेव्हा २८ होता. म्हणजे कराचे ५६,००० रुपये, अर्धे केंद्राचे, अर्धे राज्याचे. वर दुकानाचा जीएसटी नंबर, २७ नं सुरू होणारा. २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं पॅन कार्डाची. पुतण्यानं हे ५६,००० नागपूरवाल्याला दिले आणि आपल्या थ्री-बी रिटर्नमध्ये, म्हणजे कर भरायच्या रिटर्नमध्ये, क्रेडिट म्हणून वळते करून घेतले. रीत तीच आहे.

"मंग चुकलं कोठी?"

"नागपूरवाल्याच्या कारकुनानं हे बिल 'वन' रिटर्नमध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, टाकलं, पण बिनानंबरच्या गिऱ्हाइकांच्या रकान्यात. जसं घर बांधणाऱ्या कोणा माणसाला किरकोळ विकलं. नंबर टाकताना एखादा आकडा चुकला असता तर पोर्टलनं घेतलाच नसता, शेवटचं अक्षर त्यासाठीच असते. रकाना चुकला तर ते काय करणार? कर भरला, सगळं केलं. फक्त पुतण्याच्या नावावर काही आलं नाही."

दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टल प्रत्येक दुकानदाराला एक तक्ता देतं, त्याला आम्ही टू-बी म्हणतो. कोणकोणत्या पार्टीनं तुमच्या नावावर किती बिलं चढवली त्याचा हिशोब. २०२० पासून हा मिळतो. थ्री-बीमध्ये घेतलेलं क्रेडिट आणि टू-बीमधलं क्रेडिट यांत फरक पडला की तो अधिकाऱ्याच्या पडद्यावर येतो. मग एएसएमटी-१० नावाची नोटीस निघते: ३० दिवसांत खुलासा करा. पटला तर एएसएमटी-१२ काढून फाईल बंद.

"म्हंजे अजून दंड नाई?"

"नाही. विचारलं आहे फक्त."

काकू जरा सैल झाल्या. मग त्यांना विक्रीकराचा जमाना आठवला. साहेब जीपमधून येणार, दुकानात चहा-भजे होणार, वही चाळून जाणार. तो साहेब कोणत्या दुकानात जाईल हे बऱ्याचदा चुगलीवर ठरायचं, हे काकूंचं म्हणणं मी खोडलं नाही.

पण ही ताडून पाहण्याची विद्या जीएसटीबरोबर आली असं नाही. २००५ ला व्हॅट आला. मोठ्या व्यापाऱ्यांना ऑडिटच्या ७०४ नंबरच्या फॉर्मला जे-१ आणि जे-२ अशा याद्या जोडाव्या लागत, कोणाला विकलं आणि कोणाकडून घेतलं, टिन नंबरासकट. महाराष्ट्राच्या विक्रीकर खात्यानं त्या एकमेकींवर ताडल्या. माल न देता नुसती बिलं विकणारे हाती लागले, आणि खात्यानं त्यांची यादी संकेतस्थळावरच टाकली. 'हवाला डीलर' हा शब्द तेव्हा बाजारात इतका फिरला की वकिलांची दोन-चार वर्षं त्यावरच निघाली. ज्यांनी त्या लोकांकडून बिलं घेतली होती त्यांच्याकडून कर पुन्हा मागितला गेला. त्यातले काही पक्के चोर होते. काहींनी खराच माल घेतला होता. यादीत दोघंही सारखेच दिसत.

आता हेच देशभर चालतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला त्याच दिवसापासून केंद्राच्या खात्यात विश्लेषण आणि जोखीम पाहणारं वेगळं महासंचालनालय आहे. जीएसटी नेटवर्कचं 'बीफा' आहे, अधिकाऱ्याला पार्ट्यांचं जाळं काढून दाखवणारं. आणि २०२१ मध्ये केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळानं 'अद्वैत' आणलं.

"अद्वैत? हा कोन, नवा साहेब?"

"नाही हो काकू, तोही कॉम्प्युटरच."

तेलंगणात तर हैदराबादच्या आयआयटीनं विक्रीकर खात्यासाठी गोल फिरणारे सौदे शोधायची पद्धत बसवली. अ नं ब ला विकलं, ब नं क ला, क नं परत अ ला. माल जागचा हलत नाही, बिलं फिरतात, आणि प्रत्येक फेरीत क्रेडिट जमा. नुसत्या वह्या पाहून हे कळणं कठीण, कारण प्रत्येक वही आपापल्या जागी बरोबर असते. पार्ट्यांचे ठिपके काढून बाणांनी जोडले की गोल डोळ्यांसमोर येतो.

"मालाशिवाय बिल! आन् आमच्या पोराचा ट्रकभर माल आला, हमालानं माह्या डोयापुढं उतरवला, तं त्याले नोटीस."

इथं काकूंनी वर्मावर बोट ठेवलं. बिल १ लाखाच्या वरचं, त्यामुळं राज्यातल्या राज्यातही त्याला ई-वे बिल लागतं. त्यावर ट्रकचा नंबर होता, पुतण्याचा जीएसटी नंबरही होता. २०२१ पासून ई-वे बिल फास्टॅगशी जोडलेलं आहे, गाडी टोल ओलांडते तेव्हा त्याची नोंद मिळते. म्हणजे सिमेंट पुलगावला आलं याचा पुरावा सरकारच्याच यंत्रात पडलेला आहे. पण नोटीस काढताना प्रश्न फक्त टू-बीचा विचारला गेला, आणि यंत्र विचारल्यापलीकडं बोलत नाही. ते ई-वे बिल काढून पाहायचं काम माणसाचं. माझं म्हणणं असं की ही यंत्रं आणली ते बरंच झालं, चुगलीवर धाड पडण्यापेक्षा हजारपट बरं. पण यादीतून नोटीस काढण्याआधी दहा मिनिटं कोणी फाईल उघडून बसलं तर अर्ध्या नोटिसा निघणारच नाहीत. तेवढा वेळ आणि तेवढी माणसं खात्यात आहेत का, हे खात्यानंच पाहावं.

"थांब," काकू म्हणाल्या, "मी दुधाचे पैसे फोनपेवर घेतो. मले येईन का?"

ही भीती यंदाच्या जुलैपासून घरोघरी आहे. कर्नाटकच्या खात्यानं यूपीआयचे आकडे मागवले, ज्यांच्या खात्यावर वर्षाला ४० लाखांच्या वर जमा झाले त्या छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची मागणी आली, चार वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या उलाढालीवर. ताज्या भाजीवर करच नाही. पण फोनवर पैसे येतात तेव्हा ते वांग्याचे की चपलेचे हे त्यात लिहिलेलं नसतं. बंगळुरूत दुकानांवर 'यूपीआय नाही, रोखच द्या' अशा पाट्या लागल्या, मग सरकारनं माघार घेतली.

"तुमच्या दुधावरही कर नाही, काकू. आणि ४० लाखांचं दूध विकायला दोन म्हशी कमी पडतील."

"तीन हायेत," काकू म्हणाल्या. "आन् कापसाचं काय? वेचनी लागली आता."

कापसाचं शेतकऱ्याला काही करावं लागत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याच्या कापसावरचा ५ टक्के कर घेणाऱ्यानंच, म्हणजे जिनिंगवाल्यानंच, उलट्या पद्धतीनं भरायचा. ग्रामपंचायतीच्या ठेकेदाराचं वेगळं. त्याचं काम अडीच लाखांच्या वर गेलं की २ टक्के कापूनच पैसे मिळतात, आणि ते कापलेले पोर्टलवर दिसतात. मग उलाढाल लपवून सांगायची कुठं?

खरी भीती दुसरीच आहे, म्हणून मी काकूंना एक विचारलं, आधारची झेरॉक्स कोणाकोणाला दिली. त्यांनी बोटं मोजायला घेतली. लाडक्या बहिणीसाठी, गॅससाठी, बचत गटासाठी, आणि एक पोरगा आला होता "योजनेचा", त्याला. गुजरातेत पालिताण्याला असंच झालं. योजनेचं आमिष दाखवून गरिबांच्या आधारला जोडलेले मोबाइल नंबर बदलले आणि त्यांच्या नावानं जीएसटी नंबर काढले. २०२३ च्या मे महिन्यात देशभर बोगस नंबर शोधायची मोहीम निघाली. आता संशय आला तर अंगठा द्यायला बोलावतात.

"त्या पोराले मी चहाबी पाजला वं," काकू म्हणाल्या, आणि थोडा वेळ गप्प बसल्या, जे त्यांच्या बाबतीत क्वचितच होतं.

मग परत मुद्द्यावर. उपाय सोपा आहे. गेल्या आर्थिक वर्षाची बिलं ३० नोव्हेंबरपर्यंत दुरुस्त करता येतात. नागपूरवाल्यानं ऑक्टोबरच्या 'वन'मध्ये, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत, ते बिल योग्य रकान्यात आणलं की १४ तारखेच्या टू-बीमध्ये ५६,००० येतील. तोवर खुलाशाला ई-वे बिल, धरमकाट्याची पावती आणि बँकेचा उतारा जोडायचा. नागपूरवाल्याची उलाढाल ५ कोटींच्या वर असती तर त्याला ई-इन्व्हॉइस काढावं लागलं असतं, ते आपोआप 'वन'मध्ये चढतं, आणि हा घोळच झाला नसता.

"मंग त्या कारकुनाले बी नोटीस गेली असन?"

"नाही. त्यांचा कर पूर्ण भरलेला आहे."

"चूक त्याची, आन् घोर आमच्या पोराले?"

"कायदाच तसा आहे. १ जानेवारी २०२२ पासून, विकणाऱ्यानं तुमच्या नावावर चढवलं नाही तर तुम्हाला क्रेडिट नाही. तुम्ही पैसे दिले का, माल आला का, ते नंतर."

"पोरगं फोन करते का त्याले?"

"चारदा केला. तो म्हणतो दिवाळीनंतर पाहू."

"नंबर दे मले त्याचा," काकू म्हणाल्या.

मी दिला.