आजीबाईंचे खंडपीठ

अपत्य जन्मास घालणे ही गोष्ट सामान्यतः आईबापांच्या अखत्यारीतील समजली जाते, आणि ते कसे वाढवावे याविषयीही त्यांचे काही एक मत असणे शिष्टसंमत मानले जाते. परंतु ज्याने आपली दोन मुले घेऊन चीनच्या च्यांग्सू प्रांतातील सुचौ नगरात बिऱ्हाड केले आहे, त्याच्या लवकरच ध्यानात येते की या देशात आईबाप हे मुलांचे मालक नसून केवळ वहिवाटदार आहेत, आणि खरी मालकी इमारतीखालच्या बाकांवर सकाळ-संध्याकाळ भरणाऱ्या आजीबाईंच्या खंडपीठाकडे आहे. या न्यायासनापुढे वकील चालत नाही, तारीख मिळत नाही आणि वरच्या दरबारात अपील करावे म्हटले तर तेथेही एक आजीबाईच बसलेली असते.

या खंडपीठाचे सामर्थ्य कशात आहे, याचा मी पुष्कळ विचार केला. सन 1980 च्या सुमारास चीन सरकारने एका दांपत्यास एकच अपत्य असा दंडक घातला आणि तो 2015 अखेरपर्यंत चालविला. त्या काळात जन्मलेल्या एकुलत्या एका मुलाचा विवाह एकुलत्या एका मुलीशी झाला म्हणजे पुढील पिढीत दोन आजोबा, दोन आज्या आणि नातवंड मात्र एक, असा हिशेब उरतो. त्यातच कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांना वयाच्या 50 व्या वर्षीच निवृत्त करण्याचा तेथील जुना रिवाज. ही वयोमर्यादा हळूहळू वाढविण्यास 2025 मध्ये कोठे प्रारंभ झाला. त्यामुळे आपल्याकडे जिला अद्याप ‘काकू’ म्हटले तरी राग येईल, अशा वयाची, गुडघे शाबूत असलेली, रोज संध्याकाळी चौकात ध्वनिक्षेपकाच्या तालावर सामुदायिक नृत्य करणारी बाई तेथे पूर्णवेळ आजी म्हणून कामावर रुजू झालेली असते. एवढे वात्सल्य एकाच नातवंडावर खर्ची पडणे शक्य नसते. शिल्लक रक्कम कोणत्या तरी खात्यावर टाकावीच लागते, आणि आमची मुले त्या इमारतीत राहावयास आल्यामुळे ती खात्यांची आयतीच सोय झाली.

खंडपीठापुढील बहुसंख्य खटले वस्त्रप्रावरणविषयक असतात. येथे थोडा भूगोल सांगणे प्राप्त आहे. पेकिंग, ज्यास आता बीजिंग म्हणावयाचे, तेथे हिवाळ्यात सरकारी व्यवस्थेने घरे ऊबदार ठेवली जातात. 15 नोव्हेंबर ते 15 मार्च ही त्याची ठरलेली मुदत. परंतु छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांना जोडणारी एक रेषा राज्यकर्त्यांनी मागेच मुक्रर करून ठेवली असून तिच्या दक्षिणेस थंडी नसते, असे सरकारदरबारी मान्य झाले आहे. सुचौ त्या रेषेच्या दक्षिणेस पडते. जानेवारीत तेथे रात्री पाणी गोठण्याइतका गारठा पडतो, हवा दमट असल्याने तो हाडात मुरतो, आणि घरातले तपमान व घराबाहेरचे तपमान यांत जो काही फरक असतो तो केवळ तात्त्विक असतो. सरकारने जे नाकारले ते कापसाच्या थरांनी भरून काढणे, हा मग प्रत्येक आजीबाईचा स्वधर्म होऊन बसतो.

हेही मी समजून घेतले असते. पण थंडी गेली तरी खटले चालूच राहतात, कारण वसंतात पांघरावे आणि शरदात थोडे गारठू द्यावे, असा त्या लोकांचा आरोग्यशास्त्रविषयक पूर्वापार सिद्धांत आहे. एप्रिलच्या एका प्रसन्न दुपारी आमचे पाच वर्षांचे चिरंजीव केवळ एका सदऱ्यानिशी अंगणात हुंदडत असता तिसऱ्या मजल्यावरील आजीबाईंनी त्यांना दंडास धरून थांबविले, मानेच्या मागे सदऱ्याच्या गळपट्टीत दोन बोटे घातली, डोळे किंचित मिटून तपमानाचा अंदाज घेतला, आणि मग सदरा विजारीत नीट खोचून बेंबीस वारा लागणार नाही अशी तजवीज केली. त्यानंतर माझी जबानी सुरू झाली.

“याला थंडी वाजत नाही का?”

“नाही. तो धावतो आहे,” मी म्हणालो.

“धावतो आहे म्हणजे घाम येणार. घाम आला म्हणजे अंग गार पडणार. म्हणजे थंडी वाजणारच.”

या तर्कात मला आजतागायत छिद्र सापडलेले नाही. आजीबाईंनी तेवढ्यावर न थांबता आपल्या नातवासाठी पिशवीत बाळगलेला मलमलीचा चौकोनी रुमाल चिरंजीवांच्या पाठीवर, सदऱ्याच्या आत सरकवला. हा रुमाल घाम टिपतो. त्याचे एक टोक गळपट्टीबाहेर लोंबते, आणि त्या टोकावर अस्वलाचे किंवा सशाचे तोंड भरतकामाने काढलेले असते. बालकमंदिरातही मैदानावर जाण्यापूर्वी शिक्षिका रांगेने सर्व मुलांच्या पाठीत असे रुमाल घालतात. मागून पाहिले असता शिशुवर्ग हा सशांचा तांडा वाटतो.

माझी जबानी नेहमीच इतकी सुरळीत होत नाही, कारण या आजीबाई आपापसांत सुचौची बोली बोलतात, आणि ती पेकिंगच्या माणसासही उमगत नाही, मग कारखान्यातल्या यंत्रांपुरती चिनी शिकलेल्या मज पामराची काय कथा! चिरंजीवांनी मात्र ती बाकांभोवती खेळता खेळता आत्मसात केली असल्यामुळे दुभाषाचे काम त्यांच्याकडेच येते. आरोपीनेच दुभाषी व्हावे, ही व्यवस्था कोणत्याही न्यायशास्त्रात बसणार नाही. एकदा आजीबाईंनी हातवारे करून बराच मोठा आदेश फर्मावला, आणि चिरंजीवांनी त्याचे गंभीरपणे मराठी केले: “बाबा, त्या म्हणतात, याला आइस्क्रीम द्या.” ही लबाडी पकडण्यास मला भाषाज्ञानाची गरज पडली नाही. गार पदार्थाने लहान मुलाचे पोट बिघडते, ही गोष्ट त्या देशात सूर्योदयाइतकी निश्चित असून बालकमंदिरात जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या गळ्यात कोमट पाण्याची बाटली लटकत असते. कोणतीही आजीबाई आइस्क्रीमची शिफारस करणे संभवतच नाही.

कानांविषयी मात्र सरकार आणि खंडपीठ यांच्यात उघड मतभेद आहेत. परदेशी माणसाने मुक्कामी पोहोचल्यापासून 24 तासांच्या आत पोलिसांकडे वर्दी द्यावयाची, आणि पुढे पारपत्रात वास्तव्याचा परवाना चिकटवून घ्यावयाचा, असा तेथील कायदा. त्यातून दुधपित्या बालकासही सूट नाही. त्यासाठी लागणाऱ्या छायाचित्रात मागची भिंत पांढरी हवी, तोंड मिटलेले हवे, नजर समोर हवी आणि दोन्ही कान स्वच्छ दिसावयास हवेत. आमची कन्या दोन वर्षांची. तिचे तोंड मिटले की डोळे मिटतात, डोळे उघडले की जीभ बाहेर येते. छायाचित्रकाराने खुळखुळा वाजवला, पत्नीने ‘चिऊताई’ दाखवली, मी कॅमेऱ्यामागे उभा राहून माकडाचा आवाज काढला, आणि दुकानात आलेल्या इतर गिऱ्हाइकांनीही आपापले कसब पणास लावले. तेव्हा कोठे कन्येने सरकारास हवा तसा कर्णसंपन्न आणि निर्विकार चेहरा क्षणभर धारण केला. ते छायाचित्र घेऊन आम्ही घराशी येतो तो खंडपीठाने पोरीस अडविले. टोपी काढलेली पाहून एकच हाहाकार झाला, आणि सरकारने ज्या कानांची मागणी केली होती ते कान चार हातांनी तत्क्षणी झाकून टाकले.

चिरंजीवांचे बालकमंदिर ही एक स्वतंत्र सुभेदारी आहे. 31 ऑगस्टपर्यंत तीन वर्षे पुरी झालेल्या मुलासच तेथे लहान वर्गात घेतात. 1 सप्टेंबरला जन्मलेल्याने वर्षभर घरी बसावे. रोज सकाळी दरवाजातच परिचारिका मुलाचे तळहात उलटून पाहते, घशात विजेरी मारते, आणि हात, पाय व तोंडावर फोड येणाऱ्या रोगाचा मागमूस नाही अशी खात्री झाल्यावरच आत सोडते. दुपारी जेवण झाले की दोन तास सक्तीची निद्रा. त्यासाठी प्रत्येकाची छोटी खाट आणि घरून आणलेले पांघरूण. या निद्रेचा मला मनापासून हेवा वाटतो. पालकांनी वीचॅटवरील समूहात राहणे बंधनकारक असून तेथे स्वतःचे नाव चालत नाही. ‘मधला वर्ग, अमुक याचे बाबा’ एवढीच ओळख पुरे समजली जाते. बाईंनी सूचना टाकली की क्षणार्धात चाळीसएक आईबाप ‘पावले’ अशी पोच देतात, आणि त्यांतील दक्ष मंडळी ‘बाई, आपणास फार श्रम पडले’ असेही जोडतात. पोच देण्यास जो विलंब करील त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी दरवाजात निराळ्या नजरेने पाहिले जाते.

अशाच एका सूचनेने आमच्या घरी आकाशकंदील आला. चिनी वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेस दिव्यांचा उत्सव असतो, आणि त्यासाठी ‘मुलाने पालकांच्या साह्याने’ एक कंदील करावयाचा होता. या शब्दप्रयोगात मूल कोणते काम करते, हे सर्व देशांतील पालकांस विदित आहेच. मी बांबूच्या काड्या तासल्या, दोऱ्याने चौकटी बांधून आमच्या साताऱ्याच्या घरी दिवाळीस होतो तसा षट्कोनी सांगाडा उभा केला, खळीने लाल-पिवळे कागद डकवले, आणि खाली सोडावयाच्या झिरमिळ्यांसाठी पांढरा कागद कापावयास घेतला. तेवढ्यात घरकामास येणाऱ्या मावशींनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि एक अक्षर न बोलता केराच्या डब्यात टाकला. पांढरा रंग तेथे सुतकाचा. मग लाल झिरमिळ्या लागल्या, कंदील बालकमंदिराच्या पडवीत टांगला गेला, आणि वर्गशिक्षिकेने त्याखाली ‘भारतीय पद्धतीचा कंदील’ अशी चिठ्ठी लावून चिरंजीवांच्या हस्तकौशल्याची वाखाणणी केली. त्यांनी ती अत्यंत शांतपणे स्वीकारली.

खंडपीठात पुरुषांस मताधिकार नाही. त्यांनी बुद्धिबळ मांडावे. त्यातील एका वृद्ध गृहस्थांस मी सोलापूरकडचा भाग सांगितला, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि ‘के दीहुआ’ म्हणाले. हे आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे चिनी नाव. 1938 साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, कुओ छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला, आणि मुलगा काही महिन्यांचा असतानाच 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी वारले. त्या मुलाचे नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत आणि चीन. माझा ऊर अभिमानाने भरून आला खरा. परंतु त्या गृहस्थांनी त्यावरून सर्व मराठी माणसे वैद्यकीय व्यवसाय करतात असा निष्कर्ष काढला आणि तेव्हापासून मी दिसलो की ते आपला डावा गुडघा माझ्यापुढे करतात. मी लेथ यंत्रांचा अभियंता आहे. तरी दाबून पाहतो.

कंदिलाच्या उत्सवाच्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरील आजीबाई तांदळाच्या पिठीचे, काळ्या तिळांचे सारण भरलेले उकडलेले गोळे घेऊन आमच्याकडे आल्या. (या सारणात पूर्वापार पद्धतीने डुकराची चरबी घालतात. ती येथे घातली होती किंवा कसे, याविषयीची चौकशी पत्नीने तहकूब ठेवली आहे.) त्याच वेळी साताऱ्याहून आईचा फोन चालू होता. चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद, भारतात 2020 पासून वीचॅट बंद. सबब आजी-नातवंडांची भेट कचेरीच्या बैठकांसाठी असलेल्या टीम्सवर होते. आई प्रथम लॉबीत तिष्ठत बसते, मग तिला आत घ्यावे लागते, आणि बोलावयाचे असले की ती हात वर केल्याचे चिन्ह दाबते.

त्या दिवशी तिने चिन्ह दाबले नाही. पडद्यावर नातू दिसताच ती कडाडली, “अरे, पोराचे कान उघडे! वारं शिरेल ना. कानटोपी कुठाय त्याची?”

आजीबाईंस मराठीचे अक्षर कळण्याचे कारण नव्हते. पण आईची बोटे आपल्या कानांकडे गेलेली पाहून त्या ताडकन पुढे सरसावल्या, पडद्यासमोर बसल्या, आणि स्वतःचे दोन्ही कान धरून मोठ्याने संमती देऊ लागल्या. मग आईने डोके हलविले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखविले. आईनेही माझ्याकडेच बोट दाखविले. ज्या दोन राष्ट्रांच्या सेनाधिकाऱ्यांना सीमेवर वाटाघाटींच्या फेऱ्यांवर फेऱ्या घ्याव्या लागतात, त्यांच्यात पाऊण मिनिटात पूर्ण एकमत झाले, आणि आमचा दुभाषी, ज्याची या वेळी कोणासच गरज भासली नाही, मूग गिळून गोळे खात राहिला.

तेव्हापासून दोन्ही न्यायालये एकत्र बसतात. दर रविवारी आजीबाई आमच्या दारावर टकटक करतात, आई लॉबीत हजर असते, आणि मी निवाडा ऐकून तामिली करतो. म्हणून सुचौकडे मुलाबाळांसह बदली झालेल्या वाचकांस नम्र विनंती आहे की, सामानात तूरडाळ आणली नाही तरी चालेल, कारण ती येथे घरपोच मागविता येते. लोकरी कानटोप्या मात्र प्रत्येक मुलामागे दोन आणाव्यात, एक वापरावयास आणि एक धुण्यात असताना दाखवावयास. माप सैल असले तरी हरकत नाही.