पुढची तारीख

वकिलाने काम मागायला जायचं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ तसं बजावतो. जाहिरात नाही, दलाल नाही, चालवलेल्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रात फोटोही नाही. दारावरची पाटी वाजवी आकाराची हवी आणि अमुक कामात आपण तरबेज आहोत असं तिच्यावर लिहायचं नाही. २००८ साली संकेतस्थळापुरती सूट मिळाली: नाव, पत्ता, सनद, शिक्षण, कामाचं क्षेत्र. लग्नाच्या टिपणात असतं तेवढंच. पुढचं ज्याने त्याने चौकशी करून ठरवावं.

या सोवळ्याला कारण आहे. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात काही वकील पक्षकार दिसला की धावतात, कागद हिसकावतात, फी पाडून सांगतात, प्रसंगी एकमेकांच्या अंगावर जातात, अशी तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. दाभोलकर प्रकरणात, १९७५ साली, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वकिली म्हणजे व्यापार नव्हे असं खडसावलं. पटतं. तरी मला त्या धावणाऱ्यांबद्दल किंचित माया वाटते. मुंबईचा मे महिना, अंगात काळा कोट, गळ्याशी पांढरे बँड, आणि समोरून येणारा तो एकुलता एक गोंधळलेला माणूस!

मग न धावणाऱ्यांनी काय करावं? तालुक्याच्या कोर्टात मी ज्यांच्या हाताखाली होतो, ते सीनियर रोज संध्याकाळी दिवे लागल्यावर पोस्टकार्डं लिहीत. डायरी उघडायची, ज्यांची तारीख पडली त्यांना कळवायची. मजकूर ठरलेला: दावा नंबर, पुढील तारीख, येताना सातबारा आणणे. पण खाली उरलेल्या दोन बोटं जागेत ते काहीतरी घालत. म्हैस व्याली का? थोरलीचं कुठे जमलं? बांधावरचं जांभूळ धरलं का? (त्या जांभळावरूनच दावा चालू होता.) टपालवाला आधी वाचायचा, मग पारावर वाचून दाखवायचा. नियमाच्या चौकटीत राहून याहून मोठी जाहिरात कोणी केली असेल, असं मला वाटत नाही.

‘‘साहेब, यातून कामं मिळतात?’’ मी एकदा विचारलं. ‘‘पत्ते पाठ होतात,’’ ते म्हणाले आणि पुढचं कार्ड ओढलं. ताप असला तरी ही बैठक मोडत नसे. काही पक्षकारांचे दावे कधीच निकालात निघाले होते. त्यांना तारीख नव्हती, तरी दिवाळीला कार्ड जाई. धोरण आणि लोभ यांचा बांध त्या लिखाणात नेमका कुठून जात होता, ते मोजणीदार आणूनही सापडलं नसतं.

आता तारीख मोबाइलवर आपोआप येते. दोन बोटं जागा तिथे नसते.

एकदा त्या जांभळाच्या मालकाचा नातू वाटपाचा दावा घेऊन आला. आजोबांच्या पेटीतली कार्डांची चळत त्याने टेबलावर ठेवली. साहेबांनी चष्मा पुसून सगळी वाचली, घरातल्या एकेकाची चौकशी केली, चहा मागवला. मग वकीलपत्र पुढे सरकवलं आणि फी सांगितली, चालू दराने.