एकट्याची चौकडी

पंक रॉक म्हटलं की गिटार, बेस, ड्रम आणि बेंबीच्या देठापासून ओरडणारा एक इसम, अशी निदान चार टाळकी हवीत. इंग्लंडमधल्या पबांच्या मागच्या खोल्यांतून मात्र अधूनमधून असा एक गृहस्थ भेटतो, जो ही चारही कामं एकटा करतो, आणि तीही पियानोवर. वय पन्नाशीपुढे. डोक्यावर एके काळी तुरा होता, आता तुऱ्याची जागा तेवढी शिल्लक आहे. अंगात सेफ्टी पिनांनी टाचलेलं जाकीट, पायात जाड तळव्यांचे डॉक मार्टेन्स बूट, आणि खिशात पियानोच्या पट्ट्या पुसायला एक स्वच्छ पिवळं फडकं.

या फडक्यातच त्याचं सगळं दुखणं आहे. 1977 साली ‘साइडबर्न्स’ नावाच्या एका हौशी अंकात तीन कॉर्डच्या आकृत्या छापून आल्या. शिकवणी संपली, आता बँड काढा, एवढाच त्यांचा अर्थ. आणि हा बिचारा शिकून बसलेला! आईने लहानपणी पियानोची शिकवणी लावली, असोसिएटेड बोर्डाच्या संगीताच्या आठही परीक्षा याने पार केल्या, तेही चांगल्या मार्कांनी. काहीच येत नसलं तरी चालतं, या पायावर उभं राहिलेलं संगीत वाजवायला निघाला, तर याला नेमकं सगळंच येतं. हात चुकून सुरेल पडला की तो प्रेक्षकांकडे ओशाळून बघतो.

पंकच्या गिटारवरचा पॉवर कॉर्ड म्हणजे नुसता षड्ज आणि पंचम. गंधार गाळलेला, त्यामुळे सुख नाही की दुःख नाही. ॲम्प्लिफायरमधून करकरत बाहेर पडले की हे दोन सूर खोली हादरवतात. पियानोवर तेच दोन सूर इतके सोवळ्यात निघतात, की प्रार्थना सुरू होतेय असं वाटून मागच्या टेबलावरचे एखादे आजोबा टोपी काढतात. त्यावर याचा उपाय म्हणजे उजवं पेडल पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत दाबून धरायचं, म्हणजे सगळे सूर एकमेकांत कालवले जाऊन थोडीफार करकर होते. पंक बसून होत नाही, हे त्याचं ठाम मत. त्यामुळे एक पाय पेडलवर आणि सगळा भार दुसऱ्यावर, असा तो तासभर बगळ्यासारखा उभा असतो. बुटाच्या जाडीमुळे पेडल दाबलंय की नाही ते त्याला कळत नाही, ही गोष्ट वेगळी.

खरा घात करतो तो पियानो. रमोन्स या पंक बँडच्या 1976 सालच्या पहिल्या अल्बममध्ये 14 गाणी आहेत आणि ती 29 मिनिटांत आटोपतात. त्यांचा जॉनी रमोन गिटारवर सगळे फटके वरून खाली, एकामागून एक असे मारायचा. याला ते पियानोवर करायचं असतं. पण पबात असतो तो भिंतीला टेकलेला उभा पियानो. त्याची पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय हातोडी पुन्हा तारेवर पडायला तयार नसते. आडव्या ग्रँड पियानोचं हे दुखणं एरार नावाच्या कारागिराने 1821 मध्येच बरं केलं होतं. पण ग्रँड पियानो ठेवणारा पब याला दारात उभा करत नाही. तेव्हा तिसऱ्या गाण्यापासून निम्मे फटके हवेत जातात आणि त्यांची भरपाई हा तोंडाने करतो. आवाज खणखणीत यावा म्हणून हातोड्यांच्या नमद्यात टाचण्या खोचायची जुनी युक्ती त्याला माहीत आहे. पबमालकालाही ती माहीत आहे, म्हणून तो कार्यक्रमाआधी याचे खिसे तपासतो.

प्रत्येक गाण्याआधी तो रमोन्सच्या डी डी रमोनसारखा ‘वन, टू, थ्री, फोर’ ओरडतो. कोणासाठी, हे अजून कुणी विचारलेलं नाही. सोबतीला ड्रमर नाही, बेसवाला नाही. मोजून झाल्यावरही हा स्वतःच अर्धी मात्रा उशिरा उठतो, आणि मग रागाने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघतो. एके काळी तिथे माणसं होती म्हणतात. पेटीत नोटेशन घेऊन येणाऱ्या पंकवाल्याबरोबर कोण किती दिवस टिकणार?

घरी हाच माणूस पियानोचं मधलं पेडल अडकवून, तारांपुढे नमद्याची पट्टी ओढून सराव करतो, कारण वरच्या मजल्यावरच्या बाई लवकर झोपतात. व्यवस्था उलथवून टाकायची, पण नऊच्या आत.

पबात श्रोते पंधरा-वीस. त्यातले निम्मे क्विझसाठी लवकर आलेले. त्यांच्यातून एक फर्माईश हमखास येते, बिली जोएलचं ‘पियानो मॅन’. हा संतापतो, या देशाचं काही खरं नाही म्हणतो, आणि अखेर सूड म्हणून ते गाणं पाऊण मिनिटात संपवतो. त्या पाऊण मिनिटात अख्खी खोली उभी राहून गाते. मग फिरवलेल्या टोपीत पहिल्यांदाच नाण्यांबरोबर एखादी नोट पडते. पुढच्या महिन्याच्या जाहिरातीवर मालक तेवढ्याच गाण्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापतो, आणि हा काळा मार्कर घेऊन ते एकेका भिंतीवर खोडत फिरतो. पैसे मात्र मोजून घेतो.