पडायचं तर पूर्ण पडा

गरिबाच्या घराच्या दोनच अवस्था सरकारी दफ्तराला मान्य आहेत: नसलेलं आणि कोसळलेलं. आढं वाकलंय, कौलं सरकलीत, भिंतीला ओल आलीय, ही मधली अवस्था कुठल्याच रकान्यात बसत नाही. केंद्राच्या आपत्ती निधीचे 2022 ते 2026 साठीचे निकष पाहा. सपाट प्रदेशातलं घर पूर्ण पडलं तर 1,20,000 रुपये. अंशतः पडलं तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000. तेही पडझड किमान 15 टक्के असेल तरच. 14 टक्के पडलेल्या घराने बहुधा पुढच्या वादळाची वाट पाहायची. ज्याला हिशेब कळतो, त्याने कलत्या भिंतीला टेकू देऊ नये. उलट पंचनाम्याआधी ती खांद्याने ढकलून द्यावी.

आपत्तीची मदत म्हणजे दुरुस्तीची योजना नव्हे, असं साहेब म्हणतील. कबूल. मग दुरुस्तीची योजना दाखवा. इंदिरा आवास योजनेत कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी निधीचा काही वाटा राखलेला असे. 2016 मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली आणि सगळा भर किमान 25 चौरस मीटरच्या नव्या घरावर गेला. बेघराला नवं घर मिळायलाच हवं, त्यात वाद नाही. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या घरकुलाचा स्लॅब आज गळतोय, त्याचं काय? तो मालक कागदावर पक्क्या घराचा धनी आहे. स्लॅब पक्का, म्हणून गळतीही पक्की.

दुसरा आक्षेप असा की घर ज्याचं, डागडुजी त्याची. मग मुंबईत 1969 पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ कशाला आहे? तिथे उपकर घेतात, हे खरं. पण दुरुस्ती हे सरकारचं कामच नव्हे, हा मुद्दा तिथेच निकालात निघतो. तिसरा आक्षेप गैरव्यवहाराचा: पैसे छपरावर न जाता भलतीकडे जातील. पण नव्या घराचे हप्ते जागेची नोंद असलेले फोटो पाहूनच सुटतात. पाया दिसणारा मोबाईल बदललेला पत्रा पाहून आंधळा होतो काय? हरियाणा जुन्या घरांच्या नूतनीकरणाला 80,000 रुपये देतो. तिथल्या गरिबांचा प्रामाणिकपणा वेगळ्या मातीचा असल्याचं ऐकिवात नाही.

खरी अडचण वेगळी आहे. नव्या घराची चावी देता येते, दारावर पाटी लावता येते, लाभार्थ्यांचा आकडा भाषणात घालता येतो. बदललेल्या वाशाचं उद्घाटन कोण करणार? वेळेवर शाकारलेलं घर पडत नाही, आणि न पडलेल्या घरांची यादी कुठलंही खातं छापत नाही. म्हणून स्वस्त उपाय टाळायचा आणि घर पडलं की महाग उपायाचं श्रेय घ्यायचं. अडचण फितीचीच असेल तर तोडगा सोपा आहे. दुरुस्त झालेल्या प्रत्येक छपरावर फीत बांधू. मंत्रिमहोदयांनी शिडी चढून ती कापावी. वर पाय ठेवण्याआधी काम खरंच झालंय ना, एवढी खात्री मात्र स्वतः करावी. योजनेचं लेखापरीक्षण आपोआप होईल.