पितळेची जमाबंदी

काटकसरीच्या नावाखाली माणूस जेवढा खर्च करतो, तेवढा उधळपट्टीच्या नावाखाली क्वचितच करीत असेल. आणि या सिद्धान्ताचा ज्यास पुरावा हवा असेल त्याने टेक्सासमध्ये आमच्या जावईबापूंच्या मोटारखान्यात एक संध्याकाळ अवश्य काढावी. जावईबापूंना नेमबाजीचा शौक आहे, आणि तयार काडतुसे महाग पडतात म्हणून उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गोळा करून त्या घरीच पुन्हा भरण्याचा त्यांनी निश्चय केला. या बचतीप्रीत्यर्थ एक दाबयंत्र, पोलादी साचे, पुंगळ्या छाटण्याचे चिमुकले लेथ, इंचाचा हजारावा भाग दाखविणारा कॅलिपर आणि अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात पुंगळ्या घोळवून त्या लखलखीत करणारे एक घरघरते पिंप, एवढा सरंजाम घरी येऊन पडला. अक्रोडाचा गर दिवाळीत मोजून वाटणाऱ्या घराण्यातील आमची कन्या ते टरफलांचे पोते मोटारीतून उतरवून घेताना काय म्हणाली, हे लिहिण्याजोगे नाही. बचत अद्यापि सुरू व्हावयाची आहे.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून हा उद्योग करणारास थेट फौजदारीस तोंड द्यावे लागेल. तिकडे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास केंद्र सरकारचा परवानाच लागत नाही. शेतरक्षणाच्या बंदुकीचा परवानेदार मूठभर काडतुसांचा हिशेब देताना कसा घामाघूम होतो हे मामलेदार कचेरीत हयातभर पाहिलेल्या माझ्यासारख्या सेवानिवृत्त अव्वल कारकुनास, हे स्वातंत्र्य प्रथमदर्शनी अराजकाहून फारसे निराळे वाटले नाही. पण तो माझा गैरसमज फार काळ टिकला नाही.

बार उडाला की सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त अशा त्या पितळेवर असा दाब येतो की ते तोंडाच्या दिशेने सरकू लागते, आणि फुगलेली पुंगळी साच्यात दाबून पूर्वाकारास आणताना तर तिची मान आणखीच लांबते. अमेरिकी लष्कराने १९०६ साली स्वीकारलेल्या .३०-०६ या काडतुसाच्या पुंगळीस २.४९४ इंचांपर्यंत वाढण्याची मुभा आहे. ती ओलांडल्यास बंदुकीच्या घरात तिच्या तोंडास जागा उरत नाही, ते गोळीस आवळून धरते, आणि नळीतील दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे जातो. सबब ती २.४८४ इंचांवर छाटावयाची. म्हणजे तंटा सारा इंचाच्या शंभराव्या हिश्श्याचा! आमच्या तालुक्यात हद्दीचा दगड हातभर सरकला तरी दोन पिढ्या त्याचा बोभाटा होत नसे. येथे त्या शंभराव्या हिश्श्यापायी वाढलेली पाने खोळंबतात, आणि हाक मारावयास गेलेल्या माणसास ‘बाबा, एवढी रास संपू द्या’ असे उत्तर मिळते. छाटणी झाली म्हणजे तोंडाच्या बाहेरचे कंगोरे काढावयाचे, आतून किंचित उतार द्यावयाचा, आणि बुडाशी जेथे ठिणगीची टोपी बसते ती खोबण खरवडून स्वच्छ करावयाची. या टोपीचाही इतिहास मोठा विक्षिप्त आहे: बर्डन या अमेरिकी गृहस्थाची पद्धत युरोपात रुजली आणि बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची अमेरिकेत. बॉक्सरच्या पुंगळीस मधोमध एकच छिद्र असल्याने जुनी टोपी सुईने सहज बाहेर पडते. अमेरिकेतील घरोघरच्या या कारखान्यांचे श्रेय त्या एका छिद्रास द्यावे लागेल.

पिंपाच्या घरघरीला कंटाळून मी एकदा आपल्या देव्हाऱ्यातील उपकरणांच्या अनुभवावर विसंबून बाजारी पॉलिश सुचविले, तेव्हा जावईबापूंनी मला आपल्याच देशाचा इतिहास ऐकविला. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील फौजेची काडतुसे पावसाळ्यात न उडवताच तडकत असत. घडणीच्या वेळी पितळेत राहून गेलेला ताण, दमट हवा, आणि जवळच्या पागांतील घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, असे या व्याधीचे निदान १९२१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून अमोनियायुक्त पॉलिश पुंगळ्यांस वर्ज्य. कन्येची काच पुसण्याची बाटलीही त्याच कलमाखाली मोटारखान्यातून हद्दपार झालेली आहे.

परंतु मला खरा साक्षात्कार झाला तो त्यांची वही पाहून. कचेरीतील कागदपत्रांचा मनस्वी तिटकारा असलेल्या या गृहस्थाने पुंगळ्यांच्या प्रत्येक राशीचे स्वतंत्र खाते उघडले आहे: खरेदीची तारीख, किती वेळा उडविली, केव्हा छाटली, आणि शेवटी शेरा. वाकवलेली तार आत घालून बुडाजवळ चर लागतो का ते चाचपावयाचे. लागला, की ती पुंगळी बाद, आणि कोणी चुकून पुन्हा वापरू नये म्हणून सांडशीने चेपून निकालात काढावयाची. नेमबाजीच्या मैदानावर हे गृहस्थ बार टाकल्यावर लक्ष्याकडे पाहण्याआधी खाली वाकून आपली पुंगळी शोधतात, याचाही उलगडा मला तेव्हा झाला. बंदूक ही केवळ निमित्तमात्र असून खरा शौक दफ्तराचा आहे.

असा मनुष्य परदेशी मोटारखान्यात कुजत पडावा, हे आपल्या महसूल खात्याचे दुर्दैव होय. ज्या कोणा तहसीलदारसाहेबांच्या कचेरीत मोजणीची प्रकरणे तुंबली असतील त्यांनी मजकडे अवश्य लिहावे. पगाराविषयी जावईबापूंचा आग्रह नाही, फक्त कॅलिपर सरकारी खर्चाने मिळावा.