तारीख पुढची घ्या

सांगोलेकराला मुदतवाढ म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. टेंभू योजनेचं पाणी येणार, येणार म्हणत एक पिढी डाळिंबाला टँकर घालत म्हातारी झाली. अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव आबा आटपाडीच्या पाणी परिषदांना जायचे, ठराव व्हायचे, तारीख पुढं सरकायची. पण आमच्यापेक्षा पोचलेली मंडळी जगात आहेत. ती शिक्षणाच्या परिषदा भरवतात.

राज्यघटनेनं १९५० साली सांगितलं, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण. म्हणजे १९६०. ते साल उजाडलं तोवर युनेस्कोच्या कराची बैठकीत आशियाई देशांनी १९८० हे साल धरलं होतं. पुढं थायलंडच्या जोमतिएनमध्ये २००० ठरलं, डाकारमध्ये २०१५, इंचॉनमध्ये २०३०. हे इंचॉन दक्षिण कोरियात आहे, आणि कोरियानं प्राथमिक शाळेचं काम युद्धातून सावरता सावरता १९६० च्या आसपासच उरकलं होतं. पाहुण्यांना चहा देताना यजमानांनी तोंड कसं सरळ ठेवलं असेल, देव जाणे. बरं, आधीचं राहिलं म्हणून पाहुण्यांनी ध्येय आवरतं घेतलं का? छे! थेट बारा वर्षांच्या शिक्षणाचं केलं. चौथीला अडकलेल्याच्या हातात बारावीचा फॉर्म.

शिक्षण कशासाठी, हेही दर खेपेला वेगळं. घटनेला नागरिक हवा होता, कोठारी शिक्षण आयोगाला उत्पादन वाढवणारे हात, जागतिक बँकेला मानवी भांडवल. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. प्लंबर, वाहनचालक, परिचारिका असे पहिल्या टप्प्यात दहा हजार जण पाठवायचे. तिथं म्हातारे वाढले, इथं जर्मन भाषेचे वर्ग निघाले.

कोठारींनी कार्यानुभव सुचवला तो कामातून शिकण्यासाठी. शाळेत त्याचं थर्माकोलचं घर झालं, तेही बहुधा आईनं रात्री जागून केलेलं. इकडं अकरावीतलं पोरगं डाळिंबाच्या बागेला ताण किती द्यायचा, पानगळीला इथ्रेल किती लागतं, पानावरचा डाग तेल्या रोगाचा की साध्या बुरशीचा, हे बांधावरून सांगतं. ते वहीत चिकटवता येत नाही, म्हणून त्याला मार्क नाहीत.

एवढ्या घसरगुंडीत एक आकडा तेवढा जागचा हलला नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, असं कोठारी आयोगानं १९६६ ला लिहिलं आणि त्यासाठी १९८५-८६ पर्यंतचा वेळही दिला. १९६८ च्या धोरणात सहा टक्के, १९८६ च्या धोरणात सहा टक्के, २०२० च्या धोरणातही सहाच टक्के. या वेळी मात्र साल लिहून कुणी स्वतःला अडकवून घेतलेलं नाही. ‘लवकरात लवकर’ एवढंच म्हटलंय.